पर्यायशब्द आणि परिवृत्ती : संगणक-सफाईविषयक मजकुराच्या पुनर्लेखनाचा विचार

१

वाङ्मयचौर्याचा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. कोणी कोणाचे किती उचलले, उचललेल्याचा निर्देश केला की नाही, आणि अपराध्यास शासन काय, एवढ्यापुरतीच ती चर्चा मर्यादित राहते. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न अर्थविचाराच्या व शैलीविचाराच्या अंगाने तपासावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संगणकातील अनावश्यक फाइली काढून टाकणाऱ्या, म्हणजेच सफाईच्या, सॉफ्टवेअरची माहिती देणारे जे असंख्य लेख महाजालावर प्रसृत झाले, त्यांतील पुष्कळसे लेख हे एकाच मूळ लेखातील शब्दांच्या जागी पर्यायशब्द घालून तयार केलेले होते. हे ते उदाहरण होय.

या मजकुराला वाङ्मयीन मूल्य नाही हे उघडच आहे. तथापि ज्याला मूल्य नाही त्याच्या परीक्षणाने काही सिद्ध होत नाही, असे मात्र नाही. वैद्यकाचा अभ्यास निरोगी देहावरच करता येत नाही. भाषेचाही तसाच आहे. पर्यायशब्द म्हणजे काय, तो कोठे चालतो, कोठे चालत नाही, आणि तो चालला किंवा चालला नाही यावरून मूळ लेखनाविषयी काय अनुमान करता येते, हे प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्राने सूक्ष्मपणे हाताळलेले आहेत. आज आपल्या विभागांत सादर होणाऱ्या प्रबंधांच्या संदर्भात त्यांना अनपेक्षित निकड आलेली आहे.

२

प्रथम या पुनर्लेखनाची पद्धती समजून घेतली पाहिजे. लेखनाचा एक साचा केला जातो. त्या साच्यातील प्रत्येक बदलण्याजोग्या शब्दाच्या जागी महिरपी कंसात तीन-चार पर्याय उभ्या रेघांनी वेगळे करून लिहिले जातात. यंत्र दर वेळी त्यांतील एक उचलते व नवा लेख तयार करते. एका परिच्छेदात अशा दहा जागा असल्या आणि प्रत्येक जागी तीन पर्याय असले, तर त्या एकाच परिच्छेदापासून ५९,०४९ परिच्छेद निर्माण होऊ शकतात. याहून ढोबळ प्रकारात माणूस साचादेखील करीत नाही. यंत्र पर्यायकोश घेऊन शब्दामागून शब्द स्वतःच बदलत जाते.

हा खटाटोप कशासाठी? सर्च इंजिने एकच मजकूर दोन ठिकाणी आढळल्यास त्यांतील एकालाच स्थान देतात. असे साम्य ओळखण्याची एक प्रसिद्ध पद्धती अँड्रेइ ब्रोडर यांनी १९९७ साली मांडली. तिच्यात मजकुराचे ओळीने येणाऱ्या काही शब्दांचे तुकडे पाडतात. एक तुकडा दुसऱ्यावर अंशतः चढलेला असतो, घराच्या छपरावर कौले एकमेकांवर चढलेली असतात त्याप्रमाणे. दोन लेखांत असे किती तुकडे समान आहेत यावरून त्यांचे साम्य ठरते. तुकडा चार शब्दांचा असेल आणि लेखातील दर चौथा शब्द बदलला, तर बदललेला शब्द ज्यात नाही असा एकही तुकडा उरत नाही; आणि पाऊण लेख जसाच्या तसा असूनही यंत्राच्या दृष्टीने तो संपूर्ण नवा ठरतो. पर्यायशब्दांच्या पुनर्लेखनाचे सारे रहस्य एवढेच आहे. वाचकाला काही नवे सांगावे हा त्याचा हेतूच नव्हे. मोजणाऱ्याला साम्य आढळू नये हा त्याचा एकमेव हेतू होय. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निकृष्ट मजकुराला खाली लोटणारा मोठा बदल आपल्या पद्धतीत केला, तोपर्यंत हा उद्योग बराच फोफावलेला होता.

सफाईच्या सॉफ्टवेअरला या उद्योगात ठळक स्थान का मिळाले, हेही पाहण्यासारखे आहे. विंडोज प्रणालीत १९९२ साली ३.१ या आवृत्तीबरोबर रजिस्ट्री नावाचा नोंदसंग्रह आला आणि विंडोज ९५ पासून त्याची व्याप्ती पुष्कळच वाढली. एखादे सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही त्याच्या काही नोंदी तेथे मागे राहतात. या उरलेल्या नोंदींमुळे संगणक मंदावतो, त्या पुसल्या की तो नव्यासारखा धावू लागतो, असा समज पसरला आणि त्या समजावर एक बाजारपेठ उभी राहिली. वस्तुतः अशा नोंदींनी वेगात पडणारा फरक नगण्य असतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नाही आणि त्यांच्या वापरातून उद्भवलेल्या बिघाडापायी संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविण्याची वेळ येऊ शकते, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे. ज्या वस्तूचा गुण सिद्ध करणे अवघड, तिची विक्री विशेषणांवर अवलंबून राहते; आणि विक्रीमागे दलाली मिळणार असल्याने त्या विशेषणांचे लेख हजारांनी लिहिले, किंवा फिरविले, गेले.

३

विवेचनाच्या सोयीसाठी या जातीच्या मजकुराचा एक मराठी नमुना आपणच रचून घेऊ. मूळ वाक्ये अशी आहेत असे समजावे : “तुमचा संगणक मंद चालतो काय? आमचे सफाई-सॉफ्टवेअर निरुपयोगी फाइली काढून टाकते, रजिस्ट्री स्वच्छ करते, हार्ड डिस्कवर जागा मोकळी करते आणि स्मृतीवरील भार हलका करते.”

आता त्यांत केवळ पर्यायकोशाच्या साहाय्याने फेरफार करू : “आपला गणक हळू पळतो काय? आमचे झाडलोट-सॉफ्टवेअर कुचकामी फाइली उपटून फेकते, नोंदवही निर्मळ करते, कठीण तबकडीवर स्थळ मुक्त करते आणि आठवणीवरील ओझे सोपे करते.”

हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु हसून झाल्यावर प्रत्येक शब्दाशी क्षणभर थांबले पाहिजे. यांतील एकही पर्याय कोशाच्या दृष्टीने खोटा नाही. ‘जागा’ म्हणजे स्थळ, ‘मोकळा’ म्हणजे मुक्त, ‘भार’ म्हणजे ओझे, आणि ‘हलके काम’ म्हणजे सोपे काम, हे सारे खरेच. मग बिघडले कोठे? ‘स्थळ’ हा शब्द उच्चारताच मराठी कानाला लग्नाची बोलणी ऐकू येतात. ‘निर्मळ’ मन असते, झरा असतो. नोंदींचा संग्रह निर्मळ होत नाही. ‘स्मृती’ ही येथे यंत्राच्या एका भागाची संज्ञा आहे. तिच्या जागी ‘आठवण’ येताच यंत्राला माहेर आठवू लागते. ‘हार्ड डिस्क’मधील ‘हार्ड’ हे विशेषण राहिलेलेच नाही. ते संज्ञेचा अवयव झालेले आहे आणि अवयवाला पर्याय नसतो.

इंग्रजी मजकुरात हेच घडले. ‘हार्ड ड्राइव्ह’च्या जागी ‘एक्झॉस्टिंग ड्राइव्ह’, म्हणजे दमवून टाकणारा ड्राइव्ह, असे रूप तेथे आढळते. ‘विंडोज’ या विशेषनामाचे ‘होम विंडोज’, म्हणजे घराच्या खिडक्या, झालेले तर शेकडो ठिकाणी दिसते. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा भाषेच्या इतिहासात आढळणारा व्यापार आहे; परंतु तो समाजाच्या वापरातून घडतो. येथे तो समाजाला विचारल्यावाचूनच घडलेला आहे.

स्वच्छतेचाच शब्दसमूह घेतला तर मराठीचे या बाबतीतील ऐश्वर्य व यंत्राची अडचण दोन्ही एकदम ध्यानात येतात. आपण जमीन झाडतो, पुसतो किंवा सारवतो, भांडी घासतो व विसळतो, कपडे धुतो, धान्य निवडतो व पाखडतो. या सर्व क्रियांचा परिणाम स्वच्छता हाच असला, तरी त्यांतील कोणतीही क्रिया दुसरीची जागा घेत नाही. विशेषणांचेही तसेच. पाणी नितळ, तूप शुद्ध, आनंद निखळ, आवाज स्वच्छ आणि नकार मात्र साफ. ‘हात स्वच्छ करणे’ हा आरोग्याचा नियम आहे. ‘हात साफ करणे’ हा चोरीचा प्रकार आहे. ज्या पर्यायकोशात ‘स्वच्छ’ आणि ‘साफ’ एकाच ओळीत छापलेले आहेत, तो कोश चुकीचा नाही. तो वापरणारा मात्र भाषा जाणणारा असावा लागतो, एवढे गृहीत धरूनच तो रचलेला आहे.

हे गृहीतक सर्वच थोर कोशकारांचे आहे. अमरसिंहाने आपला कोश वर्गवार रचला. रॉजेटचा १८५२ सालचा इंग्रजी पर्यायकोशही कल्पनांच्या क्रमानेच लावलेला होता. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे १९८५ साली सुरू झालेले वर्डनेट आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले मराठी वर्डनेट यांत तर शब्दांचे गट एकेका विशिष्ट अर्थाभोवती बांधलेले असून एकच शब्द अर्थागणिक निरनिराळ्या गटांत पुन्हा पुन्हा येतो. मनात कल्पना आहे पण शब्द सुचत नाही, अशा लेखकाला कल्पनेकडून शब्दाकडे नेणे हे या कोशांचे कार्य. पुनर्लेखनाचा उद्योग याच्या नेमका उलट चालतो. तो शब्दाकडून शब्दाकडे जातो. मध्ये कल्पना लागतच नाही.

४

येथे आपल्या साहित्यशास्त्रातील एका पारिभाषिक कल्पनेचे स्मरण करणे आवश्यक आहे. ती कल्पना म्हणजे परिवृत्तिसहत्व. म्हणजे शब्दाची अदलाबदल सहन करण्याची शक्ती. वामनाने काव्यालंकारसूत्रवृत्तीत पदरचनेचा विचार करताना असे प्रतिपादिले आहे की, कवी एखादा शब्द ठेवतो, काढतो, पुन्हा ठेवतो. आणि जेव्हा रचनेतील पदे अदलाबदल सहन करीनाशी होतात, तेव्हा त्या अवस्थेस जाणते लोक शब्दपाक म्हणतात. मम्मटाने काव्यप्रकाशात हीच कसोटी निराळ्या कामासाठी वापरली. शब्द बदलताच जो अलंकार नाहीसा होतो तो शब्दालंकार. शब्द बदलूनही जो टिकतो तो अर्थालंकार.

या दोन विवेचनांतून आधुनिक गद्याच्या परीक्षणास उपयुक्त असे एक वर्गीकरण करता येईल असे आम्हांस वाटते. पहिल्या वर्गात काव्यात्म लेखन येते. त्यात शब्द बदलला की काही तरी हानी होतेच. अर्थ राहिला तरी नाद जातो, नाद राहिला तर ध्वनी जातो. दुसऱ्या वर्गात शास्त्रीय लेखन येते. त्याची स्थिती संमिश्र असते. शास्त्राचे प्रतिपादन निराळ्या वाक्यांत, निराळ्या क्रमाने, निराळ्या भाषेतही सांगता येते. परंतु त्यातील संज्ञा बदलता येत नाही. पाणिनीने ‘घु’, ‘टि’, ‘भ’ अशा लोकव्यवहारात निरर्थक संज्ञा योजल्या, त्यांना पर्याय संभवतच नाही. राज्यात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध झाला, त्यामागेही एका संकल्पनेस एकच संज्ञा असावी हीच दृष्टी होती. तेव्हा शास्त्रीय लेखन वाक्याच्या पातळीवर परिवृत्तिसह आणि संज्ञेच्या पातळीवर परिवृत्तिविमुख असते.

तिसरा वर्ग मात्र प्राचीनांच्या विचारात आलेला नाही, कारण असे लेखन जतन करण्याची त्यांना गरज पडली नाही. ज्यात मुळात काही प्रतिपादनच नाही, असे लेखन कोणतीही अदलाबदल सहन करते. “हे सॉफ्टवेअर अत्यंत प्रभावी, विश्वसनीय व वापरण्यास सुलभ आहे” या वाक्यात ‘प्रभावी’च्या जागी ‘परिणामकारक’, ‘विश्वसनीय’च्या जागी ‘भरवशाचे’, ‘सुलभ’च्या जागी ‘सोपे’ घातल्याने काहीच बिघडत नाही. कारण बिघडण्यासारखे तेथे काही नव्हतेच. किती फाइली काढल्या, कोणत्या यंत्रावर, काढण्यापूर्वीचा वेग काय व नंतरचा काय, असे एक जरी विधान त्यात असते तरी आकड्याला पर्यायशब्द सापडला नसता.

यावरून असे अनुमान निघते की, पर्यायशब्दांचे पुनर्लेखन ही मूळ लेखाचीच एक परीक्षा आहे. पुनर्लेखनानंतर लेख हास्यास्पद झाला, तर मुळात तेथे काही अर्थ होता आणि तो आता नष्ट झाला. पुनर्लेखनानंतर लेख पूर्वीइतकाच सुबोध राहिला, तर बहुधा मुळातच त्यात काही नव्हते. दोन्ही परिस्थितींत नव्या लेखाचे मोल शून्य. भेद एवढाच की एकीत ते शून्य निर्माण केलेले असते आणि दुसरीत ते वारशाने मिळालेले असते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. परंपरेत तरी दुसऱ्याचे शब्द बदलून लिहिण्याची प्रथा नव्हती काय? मल्लिनाथासारखा टीकाकार मूळ श्लोकातील पदापुढे दुसरे पद मांडतो, हे पर्यायशब्द देणेच नव्हे काय? मोरोपंतांनी एकच रामकथा कितीतरी रामायणांतून सांगितली, हे पुनर्लेखन नव्हे काय?

आक्षेप विचारार्ह आहे, पण टिकणारा नाही. टीकाकार मूळ पद वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवतो आणि त्याच्या शेजारी पर्याय मांडतो. पर्यायाचे प्रयोजन मुळाकडे नेणे हे असते. यंत्र मूळ पद पुसून टाकते. पर्यायाचे प्रयोजन मुळापासून दूर नेणे हे असते. क्रिया बाह्यतः एकच, हेतू परस्परविरुद्ध. मोरोपंतांचे उदाहरण तर अधिकच बोधप्रद आहे. निरोष्ठ रामायणात त्यांनी ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. ‘राम’ या नावातच ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण आहे, एवढे ध्यानात घेतले तरी ते बंधन किती कठोर आहे ते कळेल. हे बंधनही एका अर्थी यांत्रिकच. परंतु ते पाळताना प्रत्येक चरणात कवीला अर्थाकडे पाहूनच निवड करावी लागली. कृत्रिमता दोन्हीकडे आहे. निर्णय मात्र एकीकडेच आहे. मोरोपंतांच्या काव्यावर क्लिष्टतेचा आरोप करता येईल, निर्णयशून्यतेचा करता येणार नाही.

आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्योतात दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : आरशातील प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधाऱ्यांतील सारखेपणासारखे. पहिली दोन त्याज्य, कारण त्यांना स्वतःचा आत्मा नाही किंवा असला तर तुच्छ. तिसरे ग्राह्य, कारण मुखे सारखी असली तरी जीव दोन आहेत. राजशेखराने काव्यमीमांसेत शब्दहरण आणि अर्थहरण असे भेद करून त्यांचा तीन अध्यायांत प्रपंच मांडला. या दोघांच्या चौकटीत आपले यंत्रनिर्मित लेखन कोठे बसते? ते शब्दहरण नव्हे, कारण शब्द बदललेले आहेत. पूर्णांशाने अर्थहरणही नव्हे, कारण अर्थ वाटेतच सांडलेला आहे. प्रतिबिंब म्हणावे तर प्रतिबिंबात निदान मुखाची ओळख पटते. तडा गेलेल्या आरशातील प्रतिमा असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

६

अर्थ सांडला तर कोणाचे काय गेले, असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. सफाईविषयक मजकूर हा केवळ जाहिरातीचा नसतो. पुष्कळदा तो सूचनांचाही असतो, आणि सूचना वाचणारा मनुष्य त्याप्रमाणे कृती करतो. फाइल ‘डिलीट’ करणे, सॉफ्टवेअर ‘अनइन्स्टॉल’ करणे, डिस्क ‘क्लीन’ करणे आणि डिस्क ‘फॉरमॅट’ करणे या चार निराळ्या क्रिया आहेत. सामान्य व्यवहारात चौघींनाही ‘काढून टाकणे’ किंवा ‘पुसणे’ म्हणता येईल. परंतु पहिलीने एक फाइल जाते आणि चौथीने डिस्कवरील सर्व काही वाचेनासे होते. पर्यायशब्दांच्या हव्यासाने एकीच्या जागी दुसरी आली, तर एखाद्या कुटुंबाची दहा वर्षांची छायाचित्रे जाऊ शकतात.

शाळेपासून आपल्या मनावर बिंबविले जाते की एकच शब्द वारंवार वापरू नये. ललित लेखनात हा उपदेश काही अंशी योग्य आहे. सूचनापर व शास्त्रीय गद्यात पुनरुक्ती हा दोष नसून गुण आहे. तीच वस्तू त्याच नावाने संबोधिली तरच ती तीच आहे हे वाचकास कळते.

दुसरी हानी काळाची आहे. सीक्लीनर या अत्यंत प्रसिद्ध सफाई-सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक संगणकसंहिता घुसविली होती आणि ऑगस्ट–सप्टेंबर २०१७ या काळात ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत पोचली, हे कंपनीनेच मान्य केले. जुना प्रशंसापर लेख घेऊन त्यातील शब्द २०१८ मध्ये बदलणाऱ्या यंत्राला या घटनेचा पत्ता असण्याचे कारण नाही. कोशात शब्द असतात, वार्ता नसते. लेख नवा दिसतो आणि माहिती जुनीच राहते. नवेपणाचा हा आभास उघड जुन्या लेखापेक्षा अधिक घातक होय, कारण जुना लेख निदान आपले वय लपवीत नाही.

तिसरी हानी विश्वासाची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांविरुद्धचे प्रकरण मिटविले, तेव्हा पहिलीने २ कोटी ५० लाख व दुसरीने १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आयोगाचा आरोप असा होता की, संगणकाची मोफत तपासणी करणारा कार्यक्रम ग्राहकाने आरंभी चार प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच ‘घातक सॉफ्टवेअरची लक्षणे आढळली’ असा निष्कर्ष दाखवीत असे. यंत्राच्या प्रत्यक्ष तपासणीशी त्याचा संबंध नव्हता. ‘लक्षणे आढळली’ हे शब्द येथे कोणत्याही वस्तुस्थितीने बांधलेले नव्हते. शब्द वस्तूपासून सुटला की तो कोणाच्याही खिशात शिरू शकतो.

७

आता या विवेचनाचा आपल्या विद्यापीठीय व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट केला पाहिजे. फ्रान्समधील गियोम काबानाक व सिरील लाब्बे आणि त्यांचे रशियन सहकारी अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१ साली शास्त्रीय नियतकालिकांत छापून आलेल्या काही विलक्षण शब्दप्रयोगांकडे लक्ष वेधले. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाच्या रूढ इंग्रजी संज्ञेऐवजी तेथे ‘बनावट जाणीव’, ‘बिग डेटा’ऐवजी ‘अवाढव्य माहिती’, स्तनाच्या कर्करोगाऐवजी ‘उराचे संकट’ अशा अर्थाचे शब्द होते. या प्रयोगांना त्यांनी छळलेली पदे असे नाव दिले. संगणकविषयक एका प्रस्थापित नियतकालिकातही ती विपुल आढळली. ‘दमविणारा ड्राइव्ह’ आणि ‘बनावट जाणीव’ ही एकाच मातेची अपत्ये आहेत. जाहिरातदाराने सर्च इंजिनाला चुकविण्यासाठी जे साधन वापरले, तेच संशोधकाने साम्यमापक यंत्राला चुकविण्यासाठी वापरले.

हा मोह का निर्माण झाला? विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य-प्रतिबंध यांसंबंधी २०१८ साली जे विनियम केले, त्यांत वाङ्मयचौर्याची व्याख्या करताना दुसऱ्याची कृती किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे असा व्यापक अर्थ घेतलेला आहे. परंतु शिक्षेच्या पायऱ्या साम्याच्या टक्केवारीवर आधारलेल्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांत पुन्हा सादर करणे, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष सादरीकरणास मनाई, त्यावर नोंदणी रद्द. व्याख्येत कल्पना आहे आणि मोजमापात शब्द आहेत. व्याख्या व मोजमाप यांत असे अंतर पडले की मनुष्य व्याख्या सोडून मोजमापाकडे पाहू लागतो. ३५ टक्के साम्य आलेला विद्यार्थी आपली कल्पना तपासून पाहण्याऐवजी आपले शब्द बदलावयास बसतो. त्याला आपण चोर ठरवितो. परंतु शब्द हीच चोरीची वस्तू आहे असे आपल्याच व्यवस्थेने त्याला शिकविलेले असते.

याचा अर्थ ते विनियम निरुपयोगी आहेत असा नव्हे. पाने जशीच्या तशी उतरविण्याचा प्रकार त्यांनी अवघड केला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु तापमापकाने ताप कळतो, रोग कळत नाही. मराठीच्या विद्यार्थ्याला तर यात एक अधिक धोका आहे. आपल्या भाषेत तत्सम, तद्भव, देशी आणि फारसी-अरबी अशा चार-चार पेठांतून शब्द मिळतात. ‘कारण’, ‘हेतू’, ‘निमित्त’, ‘सबब’ हे शब्द साम्यमापकाला सारखेच नवे. तर्काच्या दृष्टीने मात्र कारण निराळे, हेतू निराळा, निमित्त निराळे, आणि सबब तर बहुधा खोटीच. ‘रस’ या संज्ञेऐवजी ‘गोडी’, ‘ध्वनी’ऐवजी ‘आवाज’ लिहिणाऱ्या प्रबंधाचे साम्य कमी होईल. पण तो प्रबंध रसाविषयी किंवा ध्वनीविषयी राहणार नाही.

८

उपाय यंत्राच्या अंगाने शोधण्यात फारसा अर्थ नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून भाषिक प्रतिमाने संदर्भ पाहून संपूर्ण वाक्य नव्याने रचू लागली आहेत. ‘घराच्या खिडक्या’ आणि ‘उराचे संकट’ यांसारखे ढळढळीत पुरावे त्यांच्या लेखनात सहसा सापडणार नाहीत. म्हणजे तडा गेलेला आरसा जाऊन त्याच्या जागी नितळ आरसा येईल. प्रतिबिंब त्याने अधिक स्वच्छ दिसेल. परंतु स्वच्छ प्रतिबिंबालाही स्वतःचा आत्मा नसतो हा आनंदवर्धनाचा निर्णय त्याने बदलत नाही. शब्दसाम्याच्या कसोटीचे दिवस मात्र भरले आहेत, हे ओळखले पाहिजे.

तेव्हा कसोटी अर्थाकडेच वळवावी लागेल. प्रबंधातील एखादी संज्ञा निवडून “येथे हाच शब्द का? जवळचा दुसरा का नाही?” असा प्रश्न परीक्षकाने मौखिक परीक्षेत विचारावा. ज्याने शब्द निवडला असेल त्याला उत्तर देता येईल; ज्याने तो बदलला असेल त्याला देता येणार नाही. वामनाचा शब्दपाक काव्यापुरता होता. हा प्रश्न त्याचेच शास्त्रीय गद्यातील रूप होय. दुसरे असे की, पदव्युत्तर वर्गातच दुसऱ्याचे म्हणणे त्याचे नाव घेऊन आपल्या शब्दांत सांगण्याचा अभ्यास करून घ्यावा. पुस्तक मिटून, आठवणीतून. पुस्तक उघडे ठेवून शब्द बदलण्यापेक्षा पुस्तक मिटून अर्थ आठवण्याचा मार्ग कठीण आहे, आणि म्हणूनच तो शिक्षणाचा मार्ग आहे. तिसरे, अवतरण ही दुर्बलतेची खूण मानू नये. जेथे मुळातील शब्द बदलण्याने हानी होते तेथे ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे घेणे हे मुळाचा मान राखणे आहे. शब्द बदलून ते झाकणे हा मुळाचा अवमान आहे.

संगणकातील सफाईच्या सॉफ्टवेअरपुढे नेहमी एकच प्रश्न असतो : काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे? वापरात नसलेली फाइल आणि निरुपयोगी फाइल यांत भेद आहे, आणि तो भेद न ओळखणारे साधन यंत्र बिघडवून ठेवते. लेखनाचाही प्रश्न तोच आहे. पुनर्लेखनाचे यंत्र जे टाकते त्यात संज्ञा असते, विशेषनाम असते, रूढी असते. आणि जे ठेवते त्यात विशेषणे असतात. आपल्या विभागांतून बाहेर पडणाऱ्या प्रबंधांत यांपैकी काय उरते, हे टक्केवारीच्या पत्रकावरून कळणार नाही. त्यासाठी प्रबंध वाचावा लागेल, आणि हे काम परीक्षकावाचून दुसऱ्या कोणाकडे सोपविता येण्यासारखे नाही.